एका पानात बसवलेली गोष्ट

माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या सासरची वाडी रिकामी करण्याचा हुकूम मार्गशीर्षाच्या अखेरीस निघाला. आक्का त्याआधी गेली होती. वाडी बेळगुंदीच्या पुढे, रानाच्या कडेला होती. शतक नुकतेच बदलले होते आणि बेळगावात प्लेग दुसऱ्यांदा आला होता. वाडीबाहेर झोपड्या घालू द्या असा अर्ज कार्तिकातच कॅम्पातल्या साहेबाकडे पोचला होता. तो आमच्या अण्णांनी लिहिला होता. त्यातले इंग्रजी निर्दोष होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते मूळचे कंग्राळीचे, शेतकऱ्याच्या घरातले. घराण्यात इंग्रजी शाळेची पायरी चढलेले ते पहिले, आणि पुढे बेळगावातल्या एका शाळेत इंग्रजीचेच मास्तर झाले. व्याकरणाने इंग्रजी येत नाही, वाक्प्रचारांनी येते, असे त्यांचे मत होते. रोज एक वाक्प्रचार फळ्यावर लिहायचा आणि दिवसभर त्याचा पिच्छा सोडायचा नाही, ही त्यांची पद्धत. घरी त्याची तालीम पहाटेच सुरू होई. आधी कॅम्पातल्या गोऱ्यांचा बिगूल ऐकू येई, मग आमच्या विहिरीच्या रहाटाची करकर, मग न्हाणीघरातून अण्णांचा आवाज. त्या वाक्प्रचाराचे चार वेगवेगळ्या वाक्यांत चार वेळा उच्चार होत. आई चुलीपुढे तांदळाच्या भाकरी थापत असे. तिला इंग्रजीचे अक्षर येत नव्हते, पण चाल पाठ झाली होती. एखाद्या दिवशी ती भाकरी उलटता उलटता म्हणे, "हे परवा झालं की हो. आज नवं काढा." अण्णा आतून म्हणत, "उजळणी आहे!" मग तव्याचा आवाज, शेंगदाण्याच्या चटणीचा वास, आणि आम्ही शाळेला निघायचो. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होतो, म्हणजे वडिलांच्याच हाताखाली.

'टु कट अ लाँग स्टोरी शॉर्ट' हा त्यांचा आवडता वाक्प्रचार. लांबण कापून मुद्द्यावर येणे, असा अर्थ ते सांगत. बोलताना तो कोणीही वापरतो, लिहिताना वापरायला अक्कल लागते, हे पुढचे वाक्य. आधी थोडी गोष्ट सांगितलेली हवी, मग खरोखर काही कापलेले हवे, आणि कापून उरेल ते मोजके हवे. मुले तो पहिल्याच ओळीत घालत आणि खाली दोन पाने भरत. अण्णा ती पाने वर्गापुढे धरून विचारत, "कात्री दाखवलीस, बाबा. कापलंस काय?" वर्ग हसे.

रविवारी आमच्या ओसरीवर अर्ज लिहून घ्यायला माणसे येत. कोणाची वाट अडवलेली, कोणाचा मुलगा पलटणीत जाऊन बेपत्ता. येताना ती भात, काकवी, कधी कोंबडी आणत. कोंबडी आई परत देई, बाकीचे ठेवून घेई. अण्णांचा एक नियम होता: अर्ज कागदाच्या एका बाजूत बसला पाहिजे. "साहेब पान उलटत नाही," ते म्हणत. हा नियम त्यांना कोणी शिकवला नव्हता. बरीच वर्षे अर्ज लिहून त्यांनीच तो काढला होता, आणि माझ्या माहितीप्रमाणे तो बहुतेक वेळा खरा ठरत होता.

दिवाळी झाल्यावरच्या एका रविवारी तुळसामावशी आली. ही आक्काची सासू. वाडीतून पहाटेच बैलगाडीने निघाली होती. टोपलीभर रताळी आणली होती, मातीसकट. आईने ती धुवायला घेतली आणि तिथूनच, दाराआडून, विहिणीची विचारपूस केली. आक्काला सातवा सरत आला होता. तिची तब्येत बरी होती, असे मावशी म्हणाली. मग ती अण्णांसमोर घोंगडीवर बसली. मी शेजारी दौत धरून होतो.

"मास्तर, सांगू व्हय?"

"सांगा, मावशी. मुद्द्याचं सांगा."

"मुद्द्याचंच सांगतो की. तर ते कसं झालं, आमी दिवाळीच्या म्होरं रताळी काढाय घेतली. ह्यी तीच. औंदा लई गोड हाईत. तर थोरला बैल पायानं अधू, म्हनून परशराम म्हनला, आये, उद्या बघू. म्हनून मी घरातच हुतो. घरात हुतो म्हनून कणगी उघडली. सूनबायच्या ओटीला जुनं भात पायजे हुतं न्हवं?"

"बरं. पुढं?"

"कणगीत वास. कसला तर वास. आन आमची भुरी..."

"भुरी कोण?"

"मांजर वो. लई गुनाची. ती उखळामागं पडल्याली. सकाळी दूध प्याली, दुपारी गार."

अण्णांनी माझ्याकडे पाहिले आणि किंचित हसले. मावशी सांगत राहिली. वाशावरून एक उंदीर खाली पडला, परशरामच्या ताटाशेजारीच. मग चुलीमागे दोन. "केरसुणी उगारली तर पळत न्हाईत वो. ताडी प्याल्यावानी बसत्यात आन तितंच मरत्यात." शेजारच्या धोंडीच्या घरातही तसेच. मग धोंडीच्या बायकोचा आणि तिच्या जावेचा जुना तंटा आला, तो कशावरून सुरू झाला ते आले. अण्णांनी तोवर कागद पुढे ओढून वरचा मायना लिहून टाकला होता. मग धोंडीच्या पोराला ताप आला. ते पोर गेले. मागोमाग त्याची आजी गेली.

या ठिकाणी काय घडले ते मला आईने नंतर सांगितले. मी पाहिले नाही, कारण मी अण्णांच्या टाकाकडे बघत होतो. पोराच्या तापाचे सांगताना मावशी क्षणभर थांबली आणि तिने आपल्या उजव्या काखेला हात लावला. तोंडाने ती काही बोलली नाही. त्या बाजूच्या गावांत या रोगाचे नाव घेत नसत. नाव घेतले की त्याला आपला उंबरा सापडतो, असे म्हणत. जे सांगायचे ते आजूबाजूचे सगळे सांगून सांगायचे, आणि ऐकणाऱ्याने ओळखायचे.

अण्णाही कागदाकडे बघत होते. त्यांनी विचारले, "म्हणजे तापानं दोघं गेली. आणि तुम्हाला झोपड्या कुठं घालायच्यात?"

"रानाच्या अंगाला, वरच्या माळावर. खालती समदी भातं, चिखुल. पर माळ सरकारचा. काठी तोडली की रानराखा धरून नेतो. हुकूम पायजे. पाटील म्हनला, मास्तर आपलं हाईत, त्यांच्याकडनं लिवून आन."

अण्णांनी लिहिले. मधे थांबून एक शब्द बदलला. मग मावशीसाठी मराठीत वाचून दाखवले. वाडीतल्या लोकांना गेला महिनाभर नाना तऱ्हेचा त्रास होत आहे; लांब गोष्ट थोडक्यात सांगायची तर, तापाने दोन माणसे दगावली असून रानालगतच्या उंच माळावर तात्पुरत्या झोपड्या घालण्यास आणि त्यापुरती काठी तोडण्यास परवानगी मिळावी. अर्ज एका बाजूत बसला होता, खाली सहीला जागाही उरली होती.

"भुरीचं न्हाय त्यात?" मावशीने विचारले.

"साहेबाला मांजराचं काय करायचंय, मावशी?"

"आन उंदराचं?"

"उंदीर कुणाच्या घरात नाहीत? साहेबाच्या बंगल्यात पण असतील."

मावशीने कागदावरून बोट फिरवले. मग म्हणाली, "बरं. तुमी शिकल्याली मानसं. साहेबास्नी काय सांगायचं ते तुमास्नी ठावं." तिने अंगठा उठवला.

अण्णांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या वर्षी डॉक्टरांतही एकमत नव्हते. कोणी घाणीला दोष देत होते, कोणी हवेला, कोणी अनवाणी चालण्याला. मेलेल्या उंदरांचे बोलणे हे शिकलेल्या घरांत बायकांचे बोलणे समजले जाई. पुढे मी जन्मभर वर्तमानपत्राच्या कचेरीत दुसऱ्यांनी पाठवलेल्या बातम्या कापण्याचे काम केले. खेड्यातला बातमीदार बातमी कुठून सुरू करतो आणि मुद्दा कुठे ठेवतो, हे मला ठाऊक आहे. मुद्दा बहुधा तिथे असतो, जिथे वाचणारा कंटाळून कडेला बघू लागतो.

अर्ज मीच कॅम्पात नेऊन दिला. त्याच आठवड्यात हेडक्लार्क बाजारात अण्णांना भेटले. साहेबाने विचारले म्हणे, हे कोणी लिहिले? हा माणूस लिहितो आणि थांबतोही. अण्णांनी घरी येऊन ते आईला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर अर्जातले ते वाक्य, नावगाव वगळून, लिहिले. "आता बघा, इथं कापलंय," ते म्हणाले आणि खडूने त्या जागेखाली रेघ ओढली.

त्या दुपारी जेवताना आईने विषय काढला. पानात मावशीच्याच रताळ्यांची भाजी होती.

"अहो, ईनबाईंनी काखेला हात लावला ते बघितलंत?"

"कधी?"

"धोंडीच्या पोराचं सांगताना."

अण्णांचा घास हातातच राहिला. "बोलल्या नाहीत त्या."

"बोलतील कशा? आणि उंदरांचं तर बोलल्या की. तेवढं तरी घातलंत का अर्जात?"

"अर्ज गेलाय. साहेबाला पसंत पडलाय. अर्जावर अर्ज गेला की कचेरी दोन्ही अर्ज बाजूला ठेवते. उत्तर येऊ दे."

"मग तोवर आक्काला आणा."

"आणू."

"आणू नाही. सदू उद्या गाडी घेऊन जाईल."

अण्णा पुढे जेवले नाहीत. पानावरून उठताना त्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली.

मी सकाळी निघालो. मार्कंडेय नदी ओलांडली, बेळगुंदी मागे टाकली. भाते कापून झाली होती, पण खळ्यांवर माणसे कमी दिसत होती. वाडीत पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. आक्का दारातच उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"आलास व्हय बाबा? का आईनं हेरायला धाडलंय?"

"न्यायला धाडलंय."

"मला न्यायला एवढी एकच गाडी? दोन आणायच्यास की. बघतोस न्हवं केवढी झालोय?" ती हसली. लग्नाला दोन वर्षे झाली नव्हती, पण बोलणे वाडीचे झाले होते. तिने मला उकडलेली रताळी आणि दूध दिले. मी जेवत असताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कौलारू घरात दुपारच्या वेळी माळ्यावर काही ना काही खुडबुड असते. तिथे काहीच नव्हते. आक्का माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "पंधरा दिस झालं. असंच गप्प हाय."

"आक्का, चल. गाडी जुंपलेलीच आहे."

तेव्हा तिने मला वाडीची रीत सांगितली. मला ती आधी माहीत नव्हती. असल्या वेळी गाव सोडायचे तर सगळ्यांनी एकाच दिवशी, एकाच वाटेने सोडायचे. एखादे घर आधी उठले, तर ते आपल्या वाट्याचे दुखणे मागच्यांच्या गळ्यात टाकून गेले, असे धरत. त्या घराच्या दाराला बाभळीची काटेरी फांदी लावत. ती एकदा लागली की ते घर पुन्हा गावात येत नसे. मागच्या खेपेला एका घराला लागली होती. ते पडके घर आक्काने मला दारातूनच दाखवले.

तुळसामावशी चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "लागू दे काटं लागलं तर. सूनबाय, तू जा."

"आन प्वार? त्येनं कुटं यायचं, आत्ती? काट्याच्या घरात?" आक्का माझ्याकडे वळली. "दोन-चार दिसांत हुकूम येतोय, सदू. अण्णांनी सोता लिवलंय न्हवं? मग समदी संगं माळावर जाऊ. तितनं मी आईकडं येतो. मग कुनी काय म्हननार न्हाय."

परशरामदाजी, तिचे यजमान, बैलांना पाणी दाखवून आत आले. तेही तेच म्हणाले. "मास्तरांचं इंग्रजी हाय. खेळ हाय व्हय?"

मी परत निघायच्या बेतात असतानाच कचेरीचा पट्टेवाला वाडीत आला. चावडीसमोर माणसे जमली. पट्टेवाल्याने पाटलांना एक लाकडी खोका दिला आणि एक कागद दिला. पाटलांनी कागद माझ्या हातात ठेवला, कारण इंग्रजी वाचणारा तिथे मी एकटाच होतो. मी वाचला आणि तोंडी मराठीत सांगितला. अर्जात नमूद केलेला ताप हा भातपिकाच्या भागात या दिवसांत येणारा हंगामी ताप दिसतो. सोबत तापावरचे औषध, कोयनेल, पाठवले आहे, ते पाटलांनी वाटावे. झोपड्यांची आवश्यकता दिसत नाही. सरकारी रानातली काठी तोडू नये.

मग धोंडी म्हणाला, "माळाचं काय म्हनतोय?"

"नाही म्हणतोय."

मावशी पुढे आली. "उंदराचं वाचलं न्हाय व्हय साहेबानं?"

"ते अर्जात नव्हतं, मावशी."

"अण्णा इसरलं?" हे आक्काने विचारले. ती बायकांच्या घोळक्यात मागे उभी होती.

मी म्हणालो, "कापलं."

पाटलांनी खोका उघडला. आत कापसात गुंडाळलेल्या बाटल्या होत्या. आक्का गाडीपर्यंत माझ्याबरोबर चालत आली. मी तिला पुन्हा विचारले. ती म्हणाली, "जा, अण्णास्नी सांग, आता समदं लिवा. काय कापू नगा. मांजराचं बी लिवा म्हनावं." मग तिने पदरातली रताळी गाडीत ओतली आणि बैलाच्या पाठीवर थाप मारली.

अण्णांनी त्याच संध्याकाळी दुसरा अर्ज लिहिला. मला समोर बसवून वाडीत पाहिलेले सगळे सांगायला लावले, आणि आईला मावशीचे बोलणे आठवेल तसे सांगायला लावले. कणगी, वास, भुरी, वासा, ताट, धोंडीचे घर, काख. अर्ज कागदाच्या दोन्ही बाजू भरून दुसऱ्या कागदावर गेला. सकाळी मी तो नेला. हेडक्लार्कांनी तो उलटसुलट करून पाहिला. "आज मास्तरांना झालंय काय?" ते म्हणाले आणि टेबलावरच्या चळतीच्या खालच्या अंगाला सरकवला. तो साहेबाने वाचला की नाही, हे मला शोधूनही कळलेले नाही.

पुढच्या दिवसांत बेळगुंदीच्या आसपासच्या दुसऱ्या एका गावातून प्लेगची पक्की खबर आली आणि मार्कंडेयेच्या उतारावर पोलिसांचा नाका बसला. तिकडच्या माणसाला शहरात यायला बंदी झाली, इकडच्याला जायला. अण्णा दोनदा नाक्यापर्यंत जाऊन परत आले. आई रोज सकाळी भाकरी झाल्या की माझ्याबरोबर नदीपर्यंत चालत येई. एक गाठोडे घेई. त्यात तूप, खारीक, बाळंतविडा. पलीकडे वाडीचे कोणी दिसले तर शिपायामार्फत द्यावे, असा तिचा बेत होता. न्हाणीघरातून अण्णांचा आवाज येणे थांबले होते. बिगूल आणि रहाट ऐकू येत.

एका सकाळी पलीकडच्या काठावर परशरामदाजी उभे होते. डोक्याला फेटा नव्हता. नदीला पाणी कमी होते, पण नाक्यावर त्या वेळी दुसऱ्या लोकांचा गलबला चालू होता आणि हाक पोचत नव्हती. आईने गाठोडे वर करून दाखवले. दाजींनी नको असा हात केला. मग त्यांनी आपल्या उजव्या काखेला हात लावला. तो हात त्यांनी खाली आणला आणि पोटावरून फिरवून तसाच मोकळा हलवला. आई गाठोड्यासकट वाळूत बसली. मी तिला घरी आणले.

वाडी रिकामी करण्याचा हुकूम त्यानंतर निघाला. झोपड्या माळावरच घातल्या गेल्या. काठी रानराख्यानेच दाखवून दिली. हुकमात आमच्या दोन्ही अर्जांचा उल्लेख नव्हता. दाजी आणि मावशी वाचली. अण्णा पौषात पुन्हा शाळेत जाऊ लागले आणि निवृत्त होईपर्यंत इंग्रजी शिकवत राहिले. तो वाक्प्रचार त्यांनी पुन्हा शिकवला का, हे मी त्यांच्या नंतरच्या पुष्कळ विद्यार्थ्यांना विचारले. शिकवला असे कोणी सांगितले नाही.

पुढच्या वर्षी, दिवाळी झाल्यावरच्या एका रविवारी, तुळसामावशी आली. बरोबर टोपलीभर रताळी होती. आईने ती आत नेली आणि या वेळी दाराआड न थांबता बाहेर येऊन तिच्याशेजारी बसली. अण्णांनी नेहमीसारखा कागद पुढे ओढला आणि विचारले, "कुणाला लिहायचं, मावशी?"

"कुनाला न्हाय. लिवा."

अण्णांनी टाक बुडवला. मावशी म्हणाली, "तर ते कसं झालं, आमी दिवाळीच्या म्होरं रताळी काढाय घेतली." बैलाचा पाय आला, परशरामचे म्हणणे आले, घरात थांबणे आले. अण्णांनी एकदाही पुढे काय, असे विचारले नाही. दर वाक्यानंतर ते मान वर करून तिच्याकडे बघत आणि मग लिहीत. आईने मधे एकदा पाणी आणून दिले. दिवेलागणीला मावशी मांजरापर्यंत आली. अण्णांनी पान उलटले.